आमच्या क्लबची मिनिट बुकं: स्मरणिकेत काय छापावं?

ओसरी

मंडळी, सल्ला हवाय. आमच्या गावच्या (तालुक्याचं गाव, एसटी स्टँड, साखर कारखाना आणि गरजेपेक्षा जास्त मंगल कार्यालयं) रोटरी क्लबची स्मरणिका काढायची आहे आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. मी सभासद नाही. वडील होते, दोनदा सेक्रेटरी. ते गेल्यावर कपाटाच्या खालच्या खणात क्लबची सात मिनिट बुकं (सभांच्या नोंदींच्या वह्या) निघाली, लाल कापडी पाठीची, मधल्या पानांना वाळवीची नक्षी. परत करायला गेलो तर अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याकडंच आहेत तर तुम्हीच लिहा की." झालं.

ज्यांना रोटरी म्हणजे चौकातलं दातेरी चाक एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाचा वकील तिघांना घेऊन बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर, एक शिंपीकामाचा धंदा असलेला. सभा आळीपाळीनं एकेकाच्या हापिसात फिरायची, म्हणून नाव रोटरी. आपल्याकडच्या भिशीसारखंच. सुरुवातीला हेतू सरळ होता: परक्या शहरात ओळखी व्हाव्यात, धंदा एकमेकांना मिळावा. म्हणून एका व्यवसायाचा एकच माणूस घ्यायचा नियम. समाजसेवा मागून आली. भारतात पहिला क्लब कलकत्त्याचा, १९२० च्या सनदेचा. मुंबईचा १९२९ चा. तालुक्यांपर्यंत हे लोण पोचलं स्वातंत्र्यानंतर, आणि ते पोचवलं डॉक्टर, वकील, अडते आणि कारखान्याच्या साहेबांनी.

आता आमची मिनिट बुकं. पहिल्या दोन बुकांत सेवा शोधावी लागते. ठराव आहेत ते बटाटेवडा की शेव-चिवडा यावर. उशिरा येणाऱ्याला आठ आणे दंड. अध्यक्षांची घंटा हरवली, ती एका सभासदाच्या दुकानात पेपरवेट म्हणून सापडली. प्रांतपालांच्या (म्हणजे आसपासच्या क्लबांचे रोटरीतले वरिष्ठ) भेटीआधी तीन सभा नुसत्या तयारीच्या. मग बाकडी, स्मशानातली शेड, स्टँडवरची पाणपोई, वह्यावाटप, नेत्रतपासणी. प्रत्येक गोष्टीला उद्घाटन, प्रत्येक उद्घाटनाला पाहुणे, प्रत्येक पाहुण्याला नारळ.

चौथ्या बुकापासून मात्र सूर बदलतो. पोलिओची मोहीम सुरू होते.

क्लबवाल्या अध्यक्षांना स्मरणिकेत सगळ्या माजी अध्यक्षांचे कॉलर (गळ्यातला अध्यक्षपदाचा पट्टा) घातलेले फोटो हवेत, वर्षाला एक पान. मला ती पानं नकोत. मला छापायची आहे वडिलांची एक वही. शंभर पानी, शाळेची, मिनिट बुकात खुपसलेली. पोलिओच्या फेऱ्यांमधली. बूथचा रविवार झाला की सोमवारपासून घरोघर जायचं असे. घरातली सगळी पोरं झाली तर दारावर खडूनं पी, एखादं राहिलं तर फुली. या वहीत फक्त फुल्या आहेत. एक नोंद उतरवतो:

"वीटभट्टी, खालची ओळ. ३ घरं. फुली. बाप म्हणतो मागच्या वेळी ताप आला. मंगळवारी परत, दवाखान्याच्या डॉक्टरांना घेऊन." खाली वेगळ्या शाईनं: "मंगळवार. बाप कामावर. आजीनं दिलं पाजू. २ घरं पी." आणि त्याखाली, पेन्सिलनं: "तिसरं घर गावाला गेलं. कुठं? विचारणे."

असं चाळीसेक पानं. यात अध्यक्षाचं नाव कुठंच नाही. काय करू?

कृष्णाकाठ

छान लिहिलंय, पण थोडं खारट बोलू का? क्लबचं काम म्हणजे कामापेक्षा बॅनर रुंद, हा माझा अनुभव. आमच्या भागातल्या एका क्लबनं (नाव घेत नाही) शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलं. फरशी अशी की तोंड दिसावं. संगमरवरी पाटीवर नऊ नावं. पाण्याची लाईन मात्र कोणाच्याच डोक्यात नव्हती. सहा महिन्यांत शाळेनं त्यात खेळाचं सामान ठेवलं. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलले, त्यांचा "ड्रीम प्रोजेक्ट" वेगळा. १ जुलैला नवी टीम आली की मागची कामं अनाथ, हा या क्लबांचा जन्मजात रोग.

वडिलांची वही छापा. फोटो क्लबला छापू द्या वेगळे.

भिशीतला_बाळ्या

भिशीची उपमा पटली. आमच्या भिशीत निदान पैसे तरी परत मिळतात.

लेकव्ह्यू

कृष्णाकाठ यांनी स्वच्छतागृह काढलंच आहे, तर एक मजा सांगतो. रोटरीचं अगदी पहिलं सार्वजनिक काम तेच! १९०७ च्या सुमाराला शिकागोच्या क्लबनं सिटी हॉलजवळ सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून खटपट केली. विरोध कोणाचा? दारू गाळणाऱ्यांचा आणि मोठ्या दुकानांचा. पुरुषांनी अडचणीला गुत्त्यात शिरावं, बायकांनी दुकानात, आणि शिरल्यासारखं काहीतरी विकत घ्यावं, हा त्यांचा हिशोब. फुकटची सोय झाली तर गिऱ्हाईक जाणार. आपल्याकडे मुंबईत २०११ पासून बायकांनी "राइट टू पी" म्हणून मोहीम चालवली तिची बातमी वाचताना मला हेच आठवलं होतं. शंभर वर्षं उलटली आणि प्रश्न तोच: घराबाहेर पडलेल्या बाईनं जायचं कुठं.

मी शिकागोजवळ राहतो. इव्हान्स्टनला रोटरीचं मुख्यालय आहे, तिथं त्या पहिल्या सभेची ७११ नंबरची खोली पुन्हा उभी केलेली बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिली. मूळ इमारत पाडली गेली, खोली तेवढी वाचवली. साधं टेबल, चार खुर्च्या. आपल्याकडच्या जुन्या वकिलाची कचेरी वाटावी अशी.

ओसरी, ती वही आणि ती खोली, दोन्हींत मला वहीच जास्त मोलाची वाटते. खोली नंतर सजवलेली आहे.

मोरपीस

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय. मिनिट बुकांत बायका किती आहेत ते मोजा एकदा.

माझ्या सासूबाई "अ‍ॅन" होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, रोटेरियनच्या बायकोला क्लबात अ‍ॅन म्हणायचे आणि पोरांना अ‍ॅनेट. नाव सुमन असो की शेवंता, क्लबात सगळ्या अ‍ॅनच. आमच्याकडं फेलोशिप (म्हणजे सभेनंतरचं जेवण, शब्द मोठा आहे म्हणून दचकू नका) असली की साठ माणसांची पुरणपोळी या अ‍ॅनांनी लाटलेली. मिनिटांत नोंद: "अल्पोपाहाराची व्यवस्था उत्तम होती." कोणी केली ते नाही.

बायकांना सभासद करून घ्यायला रोटरीला १९८९ साल उजाडलं, तेही कोर्टात हरल्यावर. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबनं १९७७ मध्ये तीन बायकांना घेतलं, तर वरून क्लबची सनदच काढून घेतली. ते लोक गप्प बसले नाहीत. पिनवरच्या चाकावर फुली मारून ती पिन लावून सभा घेत राहिले. शेवटी ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आणि त्याच वर्षी डुआर्टेच्या अध्यक्षपदी सिल्व्हिया व्हिटलॉक बसल्या.

मी आमच्या क्लबची माजी अध्यक्ष आहे. पहिल्या सभेत एका ज्येष्ठांनी विचारलं, "मिस्टर नाही आले?" त्यांना म्हटलं, त्यांना घरी ठेवलंय, पोळ्या लाटताहेत. अजूनही ते मला भेटले की हा किस्सा स्वतःच सांगतात, जणू त्यांनीच केलेला विनोद.

ओसरी, तुमच्या आईंना विचारा. वहीतल्या त्या आजीनं डोस पाजू दिला तो तुमच्या वडिलांच्या शब्दाखातर की सोबत गेलेल्या कुठल्या बाईच्या, हे मला जाणून घ्यायचंय.

ओसरी

@मोरपीस, आईला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "ह्यांना भट्टीवर कोण ओळखत होतं? मी आणि नर्सबाई पुढं, हे जीपमध्ये वही घेऊन." घ्या. स्मरणिकेची पहिली दुरुस्ती.

उपकेंद्र

नर्सबाईंचा उल्लेख आला म्हणून हजर झाले. नोकरीची सगळी वर्षं आरोग्य खात्यात, आता रिटायर. थोडं खात्याच्या बाजूनंही ऐका.

पल्स पोलिओची पहिली देशभरची फेरी ९ डिसेंबर १९९५ ला. वार शनिवार होता. रविवारची सवय नंतर लागली. तेव्हा तीन वर्षांच्या आतली पोरं, पुढच्या वर्षापासून पाचच्या आतली. "पल्स" याचा नाडीशी संबंध नाही. एकाच दिवशी सगळ्या पोरांच्या पोटात लसीचा विषाणू गेला की जंगली विषाणूला राहायला जागा उरत नाही, हा हिशोब. म्हणून एकही घर सुटून चालत नव्हतं. नव्वद टक्के झाले म्हणून टाळ्या वाजवायचं काम नव्हे हे, राहिलेल्या दहांतच रोग लपतो.

बूथवर एक निळा लसडबा, त्यात चार बर्फाच्या कुप्या, मध्ये लसीच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीवर एक गोल, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका तोवर लस चांगली. चौकोन गोलाएवढा गडद झाला की बाटली बाद. उष्णता लागली की तो गडद होत जातो. एवढं सोपं की न शिकलेली मदतनीसही ओळखायची. दोन थेंब, मग डाव्या हाताच्या करंगळीच्या नखावर पेनानं खूण. पोरं ती खूण दिवसभर मिरवत हिंडायची, काही पठ्ठे थुंकी लावून पुसायचे आणि पुन्हा रांगेत यायचे, शिट्टी किंवा फुगा मिळतो म्हणून.

आता क्लबचं. लस सरकारची, हिंडणारे पाय आमचे आणि अंगणवाडीच्या बायकांचे. हे स्मरणिकेत स्पष्ट लिहा, नाहीतर पोलिओ क्लबानंच घालवला असं व्हायचं. पण क्लबनं जे दिलं ते आमच्या बजेटात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. कागदावर गाडी असायची, दारात नसायची. तेव्हा क्लबच्या सभासदांच्या जीपा आल्या. आमचा फ्रिज बंद पडला त्या रात्री एका आइस्क्रीमवाल्या रोटेरियननं बर्फाच्या कुप्या स्वतःच्या डीप फ्रीजरमध्ये गोठवून दिल्या, मोजून, सकाळी सहाला. चहा-नाश्ता त्यांचा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वजन. तहसीलदार आमचा फोन उचलत नसत, क्लबच्या डॉक्टरांचा उचलत.

ओसरी, त्या वहीतलं शेवटचं "कुठं? विचारणे" वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमची सगळी नोकरी त्या दोन शब्दांत आहे. भट्टीवाले, ऊसतोडवाले, पालावरचे, हीच पोरं सुटायची. फेरीच्या दिवशी ज्यांचा पत्ता बदललेला असतो ती.

ओसरी

उपकेंद्र, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. हे मी उचलणार आहे, परवानगी गृहीत धरतो. तुमच्या मजकुराला जोडून क्लबच्या बाजूचं थोडं लिहितो.

१९७९ मध्ये रोटरीनं फिलिपिन्समध्ये साठ लाख पोरांना डोस द्यायचं काम अंगावर घेतलं, तिथून चटक लागली. १९८५ मध्ये पोलिओप्लस ही रोटरीची मोहीम जाहीर झाली, बारा कोटी डॉलर जमवायचे म्हणून. जमले चोवीस कोटी सत्तर लाख. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरे सगळ्यांची मिळून मोहीम १९८८ मध्ये सुरू झाली ती यानंतर. म्हणजे धंदा वाढवायला जमलेल्या मंडळींनी सरकारांच्या आधी थैली उघडली होती. इथं माझी टोपी खाली.

आमच्या पाचव्या बुकात याचं प्रतिबिंब कसं, तर: "पोलिओ निधीस दर सभासद रु. १००. तीन सभासदांनी पुढील सभेत देतो म्हटले." पुढच्या तीन सभांमध्ये हेच वाक्य आहे. चौथ्या सभेत खजिनदारांनी वैतागून नावं लिहिली आहेत. ती मी छापणार नाही, त्यातले एकजण आमचे घरमालक होते.

भारतात २००९ साली पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या जवळजवळ निम्मे. २०१० मध्ये ४२. आणि १३ जानेवारी २०११ ला हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला झाला तो शेवटचा. त्याच वर्षी जुलैत रोटरीच्या जागतिक अध्यक्षपदी वापीचे कल्याण बॅनर्जी बसले. मग तीन वर्षं एकही रुग्ण नाही म्हणून २७ मार्च २०१४ ला आपल्याला प्रमाणपत्र मिळालं. वडील तेव्हा अंथरुणाला होते. पेपर वाचून दाखवला तर म्हणाले, "बरं झालं. रविवारची फेरी आहे का पण?" होती. अजूनही असते, कारण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे.

लॅबवाला

माझा विषय रक्तपेढी. क्लबांवर माझं प्रेम आहे आणि तक्रार पण. तक्रार अशी की सगळ्यांना २६ जानेवारीलाच रक्तदान शिबिर हवं असतं, नाहीतर १५ ऑगस्ट, नाहीतर नेत्याचा वाढदिवस. एका दिवसात गावात चार मांडव. रक्ताची पिशवी टिकते ३५ दिवस, तीही दोन ते सहा अंशांत. बिंबिका (प्लेटलेट) तर पाचच दिवस. शिवाय पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा रक्त देता येत नाही. म्हणजे जानेवारीअखेरीला सगळं गाव एकदम रिकामं केलं की मार्चमध्ये पिशव्याही संपलेल्या आणि दातेही बाद. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि बाळंतिणी काही सुट्टी घेत नाहीत.

मी ज्या क्लबला ओळखतो त्यांच्या एका सेक्रेटरीनं हे एकदा ऐकून घेतलं आणि वहीत वर्षाचा तक्ता आखला: कुठल्या महिन्यात कुठला गट. मे महिन्यात बाजार समितीचे हमाल आणि अडते, गणपतीनंतर मंडळांची पोरं. फोटो नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, दर वेळी वीस-पंचवीस दाते. असा मे महिना मी आयुष्यात दोनदाच पाहिला. मग सेक्रेटरी बदलले.

ओसरी, जुन्या बुकांत रक्तदात्यांची गटवार यादी असेल तर ती जपा, पण छापू नका. खाजगी गोष्ट आहे.

कृष्णाकाठ

लॅबवाला, "मग सेक्रेटरी बदलले" हेच तर मी म्हणत होतो!

पण न्यायानं बोलायचं तर एक चांगलं काम मीही पाहिलंय. आमच्या ओढ्यावर वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, त्यांत ओढ्यातलीच वाळू-माती, तोंडं सुतळीनं शिवायची आणि विटांसारखे सांधे मोडून थर लावायचे. पाऊस ओसरला आणि ओढा अजून वाहता आहे अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. खर्च जवळपास नाहीच, फक्त माणसं लागतात. क्लबचे वकील, सीए वगैरे लोक पहिल्या दिवशी पांढऱ्या बुटांत आले. गोणी उचलायची कशी इथपासून तयारी. दुपारी आमच्या चुलत्यांनी त्यांना पिठलं-भाकरी घातली आणि बुटांवरून यथेच्छ चेष्टा केली. पुढच्या वर्षी तेच लोक चपला घालून आले. पहिल्या मोठ्या पुरात बंधारा जातो, दरवर्षी नव्यानं घालावा लागतो. त्यावर पाटी लावून उपयोग नसतो म्हणूनच बहुधा ते काम टिकलं, चार वर्षं झाली.

सह्याजीराव

अवांतर होईल, पण मुद्दा जवळचा आहे. आपल्याकडं सार्वजनिक काम करणारी संस्था म्हटली की मला पुण्याची सार्वजनिक सभा आठवते. २ एप्रिल १८७०, म्हणजे शिकागोच्या पस्तीस वर्षं आधी. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काकाच म्हणायचे. त्या सभेचा नियम काय होता? सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे पन्नास जणांनी म्हणायचं की हा आमच्या वतीनं बोलेल. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली, ती त्या मुखत्यारीच्या जोरावर.

रोटरी-लायन्समध्ये उलटं असतं. आतल्या माणसानं बाहेरच्याचं नाव सुचवायचं, आतल्यांनी हो म्हणायचं. गावानं कोणाला पाठवलं, हा प्रश्नच नाही. म्हणून क्लब गावाला देतो, पण गावाच्या वतीनं भांडत नाही. स्टँडवर पाणपोई घालतो, नळाला पाणी का नाही हे विचारत नाही. मी दोष देत नाही, जात वेगळी आहे एवढंच.

मोरपीस

@सह्याजीराव, मुद्दा बिनतोड. फक्त एक: सार्वजनिक सभेच्या त्या पन्नास सह्यांत बायकांच्या किती होत्या?

सह्याजीराव

शरण.

उपकेंद्र

भांडत नाही म्हणून तर तहसीलदार फोन उचलायचे हो! दोन्ही प्रकारची माणसं लागतात गावाला. कृष्णाकाठ यांचे चुलते धरून.

ओसरी

दोन आठवडे गायब होतो, क्षमस्व. घडामोडी सांगतो.

अध्यक्षांना भेटलो. फोटोंवर तडजोड झाली: सगळे माजी अध्यक्ष एकाच दुमडपानावर, तिकिटाएवढ्या आकारात. तिघांच्या मुलांचे नाराजीचे फोन आले. फुल्यांच्या वहीची बारा पानं जशीच्या तशी छापणार, घरांची नावं आणि ओळखू येईल असं सगळं झाकून. समोरच्या पानावर उपकेंद्र यांचा मजकूर. अ‍ॅन मंडळींच्या मुलाखती आई घेतेय. तिनं स्वतःचा नंबर पहिला लावलाय आणि प्रश्नही स्वतःच विचारतेय. रक्तदात्यांची यादी सापडली, ती रक्तपेढीला दिली, छापत नाही.

लॅबवाला, तुमचा वर्षाचा तक्ता त्यांच्यापुढं ठेवला. नवे सेक्रेटरी पंचविशीतले आहेत, मोबाईलचं दुकान आहे. त्यांनी मे महिन्यासमोर स्वतःचं नाव लिहिलं. १ जुलैनंतर कोण, ते विचारलं तर मान खाजवत म्हणाले, "बघू की."

आणि एक. परवा वही स्कॅन करायला झेरॉक्सच्या दुकानात दिली. तिथला मुलगा पानं उलटता उलटता थांबला आणि म्हणाला, वीटभट्टी म्हणजे कारखान्यामागची का, आमचं घर होतं तिथं. कुठली ओळ म्हणून विचारलं. त्याला आठवत नव्हतं, लहान होता. आईला विचारून सांगतो म्हणाला. वही सध्या त्याच्याकडंच आहे.